वस्तऱ्याची मूठ आणि पावसाळी हवा



केशकर्तनालयातला वस्तरा तुम्ही पाहिला असेल. आज त्यात अर्धे ब्लेड बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ते बदलतात. रक्तातून पसरणारे रोग टाळण्यासाठी ते आवश्यकच आहे. जुन्या वस्तऱ्याचे पाते मात्र अखंड पोलादाचे असे. वस्तरा मिटला की हे पाते मुठीच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये जाऊन बसे. पट्ट्या शिंगाच्या, सेल्युलॉइडच्या किंवा लाकडाच्या असत.

पेणच्या रामवाडीतील एका वृद्ध नाभिक काकांनी आपल्या वडिलांचा वस्तरा जपून ठेवला आहे. त्याची मूठ फुटली होती. मला सुतारकामाचा नाद आहे हे त्यांना ठाऊक. "सर, एवढी मूठ करून द्या," ते म्हणाले.

एप्रिल महिना होता. सागवानाच्या एका उरलेल्या तुकड्यातून मी १५ सें.मी. लांब, २ सें.मी. रुंद व ३ मि.मी. जाड अशा दोन पट्ट्या कापल्या. बाहेरून छान रोगण दिले. आतली बाजू कोण पाहतो, म्हणून ती कोरीच ठेवली. जुलैत काका परत आले. एक पट्टी मध्यभागी आत वाकली होती आणि मिटताना धार तिच्यावर घासून खराब झाली होती. वडिलांची आठवण माझ्या हातून बिघडली! चूक कोठे झाली?

लाकूड कोणत्या दिशेने फुगते?

लाकूड म्हणजे उभ्या, बारीक नळ्यांची जुडी. हवेतील बाष्प या नळ्यांच्या भिंतींत शिरते, तेव्हा भिंती जाड होतात. नळ्यांची लांबी मात्र जवळजवळ तेवढीच राहते. साग पूर्ण ओला असताना आणि पूर्ण सुकल्यावर मोजला, तर वार्षिक वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५ टक्के, गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के, पण खोडाच्या उंचीच्या दिशेने फार तर ०.२ टक्के फरक पडतो.

आता हिशेब करू. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी असते. आर्द्रता ९० टक्के झाली की ते सुमारे २० टक्के होते. लाकडाचे फुगणे साधारण ३० टक्के पाण्यापर्यंत चालते. म्हणजे ८ टक्के पाणी वाढल्यावर आडवी वाढ ५ × ८ ÷ ३० = १.३ टक्के. दोन सें.मी. रुंदीत ही वाढ जेमतेम पाव मिलिमीटर! लांबीत तर एक दशांश मिलिमीटरही नाही. मग पट्टी एवढी वाकली कशी?

द्विधातू पट्टी आठवा

दोन कारणे एकत्र आली. पहिले, माझ्या तुकड्यातील रेषा पट्टीच्या लांबीला समांतर नव्हत्या, तिरप्या जात होत्या. त्यामुळे आडव्या फुगण्याचा काही भाग लांबीच्या दिशेने आला. दुसरे, रोगणामुळे बाहेरची बाजू बाष्प सावकाश घेत होती, कोरी आतली बाजू भराभर. आतली बाजू लांबली, बाहेरची मागे राहिली. इस्त्रीतील द्विधातू पट्टी तापल्यावर अशीच वाकते. जी बाजू जास्त लांबते ती फुगीर होते. तिथे उष्णता, इथे बाष्प. शिवाय वाकण्याची गोलाई तीच ठेवून पट्टी दुप्पट लांब केली, तर मधला फुगवटा चौपट होतो. म्हणूनच लांब, पातळ पट्टीत लहानशी चूकही मोठी दिसते.

दुसरी मूठ

या वेळी लाकूड करवतीने न कापता कोयत्याने फोडले. फोड नेहमी रेषांच्या मार्गाने जाते, त्यामुळे रेषांची खरी दिशा कळते. त्यातून सरळ रेषांच्या पट्ट्या काढून त्या सावलीत ठेवल्या. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूची मूर्ती तडकू नये म्हणून सावकाश सुकवतात, तसेच. दर आठवड्याला वजन केले. ते स्थिर झाल्यावरच पुढचे काम सुरू केले. मधे कागद घालून दोन्ही पट्ट्या सरसाने चिकटवल्या, एकदमच कानसल्या आणि भोकेही एकदमच पाडली. त्यामुळे ती समोरासमोर आली. मग पट्ट्या सोडवून आतून-बाहेरून रोगणाचे सारखेच हात दिले. शेवटी शेपटीकडे लाकडाची लहान पाचर घालून पितळी खिळे हलक्या हातोडीने ठोकले. रोगण बाष्प थांबवत नाही, फक्त त्याची गती कमी करते. पण दोन्ही बाजूंची गती सारखी असली की पट्टी सरळ राहते.

काकांनी धार पुन्हा लावून घेतली. त्यानंतर दोन पावसाळे गेले. पाते अजून बरोबर मधोमध बसते.

करून पाहा

वस्तऱ्याला हात न लावता हा प्रयोग करता येतो. सुताराकडून १५ सें.मी. लांब व ३ मि.मी. जाड अशा तीन पट्ट्या कापून घ्या : एक रेषांच्या दिशेने, एक रेषांना आडवी, एक तिरपी. तिरपीच्या एकाच बाजूला मेण चोळा. लांबी मोजून तिन्ही पट्ट्या झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्याजवळ, पण त्याला न टेकवता, आठवडाभर ठेवा. कोणती पट्टी लांबेल? तिरपी कोणत्या बाजूला फुगेल? डबा उघडण्यापूर्वी उत्तर वहीत लिहून ठेवा, आणि मगच मोजा.