विश्वासाची ठेव

दुसऱ्याच्या हाती गेलेली वस्तू वेळेवर परत येईलच असा भरवसा नसतो. आणि आली तरी ती धड येईलच असेही नाही. म्हणून मोलाची वस्तू कोणी सहसा उसनी देत नाही. विद्येच्या प्रांतात मात्र याच्या उलट रीत आढळते. जी विकत मिळत नाही आणि नष्ट झाल्यास पुन्हा घडविता येत नाही, अशी वस्तू तेथे शेकडो कोस दूर पाठविली जाते, आणि तीही विश्वासावर. ही वस्तू म्हणजे कागदावर बसविलेली वाळलेली वनस्पती होय.

समजा, पावसाळ्यात रामटेकच्या टेकडीवर नागपूरच्या एका संशोधकाला एक इवलेसे गवत आढळले. त्याचे नाव काय? नागपूर जिल्ह्यातील वनस्पतींविषयीचा एन. आर. उगेमुगे यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. संशोधक प्रथम तो उघडतो. परंतु वर्णन कितीही नेमके असले, तरी दोन सारख्या गवतांतील भेद कधी कधी शब्दांत मावत नाही. कुसळांची लांबी, पानांवरील लव, बियांचा आकार हे सारे प्रत्यक्ष ताडून पाहावे लागते. तेव्हा संशोधक वनस्पतिसंग्रहालयाकडे वळतो.

अशा संग्रहालयात फुलाफळांसह तोडलेल्या डहाळ्या टीपकागदात दाबून वाळवितात आणि जाड कागदावर बसवितात. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी डकविलेली असते. वनस्पतीचे नाव, ती मिळाल्याचे ठिकाण, तारीख आणि ती गोळा करणाऱ्याचे नाव तीवर लिहिलेले असते. नीट जपलेला नमुना दोनशे वर्षांनंतरही अभ्यासाच्या उपयोगी पडतो. नागपूर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात असा संग्रह आहे. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहालय प्रसिद्ध आहे. पुण्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पश्चिम विभागाची कचेरी १९५५ मध्ये सुरू झाली. तिचाही मोठा संग्रह आहे. हावड्याच्या केंद्रीय संग्रहालयात सुमारे वीस लाख नमुने आहेत, तर इंग्लंडमधील क्यू येथील संग्रह सुमारे सत्तर लाखांचा आहे.

यांतील काही नमुन्यांचे महत्त्व फारच मोठे असते. एखाद्या वनस्पतीला शास्त्रीय नाव प्रथम देताना एक नमुना त्या नावाचा आधार म्हणून कायमचा ठरविला जातो. पुढे कोणालाही शंका आली, तर तिचा निकाल त्या मूळ नमुन्यावरूनच लागतो. दुकानातील वजन खरे की खोटे हे जसे सरकारी प्रमाण वजनाशी ताडून पाहतात, तसेच हे आहे.

प्रत्येकाला इतक्या दूरच्या संग्रहालयांत जाणे शक्य नसते. म्हणून एक संस्था दुसऱ्या संस्थेला नमुने ठराविक मुदतीसाठी उसने देते. ते एका व्यक्तीच्या नव्हे, तर संस्थेच्या जबाबदारीवर दिले जातात. पाठविण्यापूर्वी त्यांची मोजदाद होऊन यादी तयार होते. मग ते पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून, बांधून, ओल लागणार नाही अशा रीतीने पेटीत भरले जातात.

पेटी पोहोचली की घेणाऱ्याची कसोटी सुरू होते. प्रथम यादीप्रमाणे मोजणी करून पोच द्यावी लागते. कीड मरावी म्हणून नमुने काही दिवस अतिशय थंड पेटीत ठेवतात. कागद पुस्तकाच्या पानाप्रमाणे उलटायचा नसतो, कारण पालथा पडताच वाळकी फुले गळतात. तो आडवा धरून एकेक उचलायचा. तुटून पडलेले पान फेकून न देता त्याच कागदावरील पाकिटात ठेवायचे. परवानगीवाचून फूल कापायचे नाही आणि नमुना तिसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. चिठ्ठीवरील नाव चुकीचे वाटले, तरी ते खोडायचे नाही. आपले मत, नाव आणि तारीख वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती शेजारी डकवायची. त्यामुळे मागच्याचे मत टिकते आणि पुढच्याला दोन्ही पारखता येतात.

यात हयगय झाली तर काय होते, हे २०१७ मध्ये जगाला दिसले. पॅरिसच्या संग्रहालयाने १०५ नमुने ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे उसने पाठविले होते. त्यांतील काही अठराव्या शतकाच्या अखेरीस गोळा केलेले होते. सोबतच्या कागदपत्रांत उणिवा होत्या, आणि त्यांविषयीच्या पत्रव्यवहारातही घोटाळा झाला. अखेर परदेशी रोगकीड रोखणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते नमुने जाळून टाकले. न्यूझीलंडहून आलेले दगडफुलांचे नमुनेही अशाच रीतीने नष्ट झाले होते. तेव्हा न्यूझीलंडच्या संस्थेने ऑस्ट्रेलियाला नमुने देणेच थांबविले. नमुन्यांबरोबर विश्वासही जळाला.

मग नमुने कुलुपातच ठेवावेत काय? या प्रश्नाचे उत्तर बर्लिनच्या इतिहासात मिळते. दुसऱ्या महायुद्धात, १ मार्च १९४३ च्या रात्री, बर्लिनच्या वनस्पतिसंग्रहालयावर बाँब पडले आणि सुमारे चाळीस लाख नमुन्यांपैकी बहुतेक भस्मसात झाले. जे थोडे वाचले, त्यांत इतर संस्थांना उसने दिलेले नमुने होते. घरचे जळाले, पण बाहेर दिलेले राहिले!

आज अनेक संग्रहालयांनी आपल्या नमुन्यांची छायाचित्रे संगणकावर उपलब्ध करून दिली आहेत. पुष्कळशा शंका त्यांवरूनच फिटतात. परंतु पाकळीच्या आतील बारीक लव छायाचित्रात दिसत नाही. त्यासाठी नमुनाच समोर लागतो. म्हणून या पेट्यांचा प्रवास अद्याप थांबलेला नाही. आणि जो नमुने जपून वापरतो व मुदतीत परत करतो, त्याच्यामुळे पुढच्या अभ्यासकालाही ते मिळतात.

शब्दार्थ
डहाळी – लहान फांदी. कुसळ – गवताच्या कणसावरील टोकदार केस. हयगय – निष्काळजीपणा. भस्मसात होणे – जळून राख होणे.

स्वाध्याय
१. मूळ नमुन्याला प्रमाण वजनाची उपमा का दिली आहे?
२. चुकीचे वाटणारे नाव न खोडण्यात कोणता हेतू आहे?
३. 'नमुन्यांबरोबर विश्वासही जळाला' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. शाळेच्या ग्रंथालयातून घेतलेले पुस्तक कसे वापरावे, याचे पाच नियम लिहा.
५. आपल्या परिसरातील एक रानवनस्पती वाळवून कागदावर बसवा व तिची चिठ्ठी तयार करा.