दुर्बिणीतून खुब्याचे ऑपरेशन झाल्यावर

दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे दोन-तीन टाके, लगेच घरी आणि आठवड्याने मोहरीच्या शेतात, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत दिसते. टाके लहान असतात हे खरे. आतले काम मात्र लहान नसते.

खुब्याचा सांधा मांसाच्या जाड थराखाली असतो आणि मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडाच्या वाटीत घट्ट बसलेला असतो. न्यूयॉर्कचे डॉ. बर्मन यांनी १९३१ साली मृतदेहांवर प्रयोग केले, तेव्हा गोळा व वाटी यांच्यामध्ये त्यांना दुर्बीण घालता आली नाही. हल्ली पाय यंत्राने ओढून ती फट उघडतात. नंतरच्या कित्येक तक्रारी या ओढण्यातूनच उद्भवतात.

ओढताना जांघेत गादी लावलेला खांब टेकलेला असतो. त्याच्या दाबाने जांघ व गुप्तांग बधिर होते. मांडीवरही मुंग्या येतात. हे बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरते. तरी लाजेने लपवू नये, डॉक्टरांना सांगावे. लघवी अडली तर त्याच दिवशी जावे.

पोटरी सुजून दुखू लागली तर आपल्या घरी पहिली आठवण तेलाची होते. येथे मालिश मुळीच नको! शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. असे क्वचित घडते, पण धाप लागली वा छातीत दुखले तर रात्र काढू नये. ताप, जखमेतून पू किंवा वाढत जाणारी कळ असली तरी तेच.

कित्येकांचे गोळ्याखालच्या मानेवरचे वाढलेले हाड तासलेले असते. ती जागा काही आठवडे कच्ची राहते. दुखत नाही म्हणून कुबड्या टाकल्या, पोते उचलले, तर मानच मोडू शकते. गव्हाला पाणी कोण देणार, हा प्रश्न आम्हांस कळतो. पण तो शेजाऱ्यांशी ऑपरेशनपूर्वीच बोलून ठेवावा. उकिडवे बसणे, मांडी घालणे, मिस्सात गुडघे टेकणे, हे डॉक्टर सांगतील तेव्हाच. तोवर बाकावर बसून प्रार्थना करावी.

आणखी एक. सांध्याची कूर्चा फार झिजली असेल तर दुर्बिणीचा उपयोग थोडाच होतो. म्हणून शेत गहाण टाकण्याआधी एक्स-रे घेऊन दुसऱ्या अस्थितज्ज्ञाचेही मत घ्यावे. ग्वाल्हेरात गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाचे जयारोग्य रुग्णालय त्यासाठी आहेच.