गुडघ्यातला सेन्सर काय मोजतो आणि सांधा खरंच जुळवून घेतो का?



सांधे शिकवताना आपण वर्गाचं दार उघडून-मिटून दाखवतो, हा बिजागरीचा सांधा, गुडघा असाच. खलबत्ता दाखवला की खुब्याचा उखळीचा सांधा झाला. मग मुलांचा ठरलेला प्रश्न येतो, आमच्या आजीचा गुडघा बदललाय, तिच्या पायात आता काय आहे? हल्ली त्याला पालकांचाही प्रश्न जोडून येतो. स्मार्ट गुडघा, सेन्सरवाला सांधा, आपोआप जुळवून घेणारा सांधा, असं मोबाईलवर वाचलेलं असतं. यात दोन-तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे.

आधी आजीचा गुडघा. आपल्याकडे 'वाटी बदलली' म्हणतात. पण वाटी म्हणजे गुडघ्यावरचं पुढचं छोटं हाड, आणि ते प्रत्येक वेळी बदलतातच असं नाही. मुख्य काम मागे होतं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, दोन्ही थोडी कापून त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि मधे चिवट प्लास्टिकची चकती. बस्स, एवढंच.

आता सेन्सर. सांध्याच्या आत मोजणी करण्याची कल्पना आजची नाही. 1960च्या दशकात स्वीडनमध्ये नील्स रिडेल यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यात ताण मोजणाऱ्या पट्ट्या बसवून प्रत्यक्ष चालताना किती भार येतो ते मोजलं. तेव्हा वायरी शरीराबाहेर काढाव्या लागल्या होत्या. पुढे बर्लिनमध्ये गेऑर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनवायरीचे मोजणारे सांधे बसवले. त्यांना वीज बाहेरच्या कॉइलमधून मिळायची. साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, असं त्यांना दिसलं. एका रुग्णाचा पाय अडखळला, तेव्हा तर आठ पटींहून जास्त भार नोंदला गेला! ही मोजमापं त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवली.

अडीच पट का, हा भाग वर्गात अवश्य घ्या. साधा काट्याचा वजनकाटा आणा (डिजिटल नको, तो आकडा स्थिर झाल्यावरच दाखवतो). मुलाला त्यावर बसून पटकन उठायला सांगा. काटा वजनाच्या पुढे उडी मारतो. पण हा झाला पावलाखालचा भार. सांध्यावर त्यात स्नायूंची ओढही येते. त्यासाठी सी-सॉ आठवा. एका पायावर उभं राहिलं की शरीराचं वजन खुब्यापासून लांब असतं आणि तोल धरणारा कुल्ल्याचा स्नायू दुसऱ्या बाजूला, पण अगदी जवळ. जवळ बसलेल्याला जास्त जोर लावावा लागतो, हे मुलांना खेळून ठाऊक असतं. दोन्ही बाजूंचा भार मधल्या टेकूवर येतो, आणि तो टेकू म्हणजे आपला सांधा. 30 किलोच्या मुलाच्या खुब्यावर चालताना 75 किलोंएवढा भार, हे गणित मुलांना फार आवडतं.

'जुळवून घेणारा' सांधा खरंच आहे, पण तो वेगळाच, आणि तो मुलांसाठी आहे. हाडाचा कर्करोग बऱ्याचदा वाढीच्या वयात आणि गुडघ्याजवळ होतो. तिथलं हाड काढून धातूचा सांधा बसवला तर दुसरा पाय वाढत राहतो आणि हा मागे पडतो. मांडीच्या हाडाचं एकटं खालचं टोक वर्षाला जवळपास एक सेंटिमीटर वाढतं. पूर्वी दर वेळी छोटी शस्त्रक्रिया करून आतला स्क्रू फिरवावा लागे. 2002 पासून लंडनजवळच्या स्टॅनमोर इथे असा सांधा बसवू लागले, की ज्याच्या आत चुंबक आणि दातेरी चाकं आहेत. मूल जागं असतानाच पाय एका कॉइलच्या कड्यात ठेवतात. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र फिरतं तसं आतलं चुंबक मिनिटाला 3000 फेरे घेतं. चुंबकाचे 13,061 फेरे झाले की स्क्रूचा एक फेरा होतो आणि पाय सुमारे 1 मिलिमीटर वाढतो. भागाकार मुलांनाच करू द्या, सव्वाचार मिनिटांच्या थोडं पुढे उत्तर येईल. चिरा नाही, भूल नाही. मला विचाराल तर या सगळ्या बातम्यांत सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. आणि गंमत म्हणजे या पाय वाढवणाऱ्या यंत्रणेला सेन्सर लागत नाही. किती वाढवायचं हे डॉक्टर ठरवतात.

राहिला तो बातम्यांतला 'स्मार्ट गुडघा'. झिमर बायोमेट आणि कॅनरी मेडिकल यांच्या पर्सोना आयक्यू या गुडघ्याला अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट 2021 मध्ये परवानगी दिली. नडगीच्या हाडात जाणाऱ्या दांड्यात सेन्सर आणि बॅटरी बसवलेली आहे. पावलं किती, चालण्याचा वेग, पावलाची लांबी, गुडघा किती वाकतो, हे तो नोंदवतो आणि घरात ठेवलेल्या छोट्या यंत्रामार्फत पाठवतो. तो स्वतःला जुळवून घेत नाही. जंतुसंसर्ग झालाय किंवा सांधा सैल झालाय, हेही तो सांगत नाही. परवानगीतच लिहिलं आहे, की या माहितीवर उपचारांचे निर्णय अवलंबून नसावेत आणि तिचा रुग्णाला फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही. हे वाक्य जाहिरातीत मोठ्या अक्षरात कुणी छापणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

तिसराही एक प्रकार आहे. ऑपरेशन चालू असताना प्लास्टिकच्या चकतीच्या जागी तात्पुरती सेन्सरची चकती ठेवतात. आतल्या आणि बाहेरच्या बाजूवर भार सारखा येतोय का, ते पाहून सर्जन अस्थिबंध सैल करतात, मग ती काढून नेहमीची चकती बसवतात. जुळवाजुळव झाली खरी, पण ती सर्जनच्या हातांनी, आणि घरी येताना पायात सेन्सर नसतो.

म्हणून घरात कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरत असेल आणि 'सेन्सर' हा शब्द निघाला, तर आधी एवढं विचारा, तो पायात राहणार आहे की टेबलावरच काढणार? राहणार असेल तर पुढचे प्रश्न. पाठवलेली माहिती कोण पाहणार, ती कुणाच्या ताब्यात राहणार, आणि नको असेल तर ते बंद करता येईल का? बॅटरीचंही विचारा, कारण ती किमान दहा वर्षांसाठी केलेली आहे. उलट 2019 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून साध्या बदललेल्या गुडघ्यांपैकी 100 तले सुमारे 82 गुडघे 25 वर्षं टिकल्याचं दिसतं. बॅटरी संपली तरी गुडघा चालूच राहतो, फक्त मोजणं थांबतं.