ऑपरेशननंतरची दुखण्याची गोळी : लागेल तेवढीच



गाळप आटोपले की अडवून ठेवलेली ऑपरेशने निघतात. कोणाचा हर्निया, कोणाच्या पित्ताशयातील खडे. मंडळी नागपूरला जातात, महालात सोयऱ्यांकडे उतरतात आणि जवळच्या मेयोत किंवा खाजगी दवाखान्यात ऑपरेशन करून घेतात. सुट्टी होताना हातात औषधांची पिशवी येते. तिच्यातल्या एका गोळीविषयी आज थोडे सांगतो.

दुखण्याच्या गोळ्या मुख्यतः दोन जातींच्या. एक साधी : पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन वगैरे. दुसरी अफूच्या वळणाची. मॉर्फिन आणि कोडीन अफूतच असतात. ट्रॅमाडॉल रसायनांपासून बनते, पण मेंदूवर बरेचसे त्याच वाटेने काम करते. पूर्वी कामावर जाणारी बाई लेकरू निजून राहावे म्हणून त्याला अफू चाटवी, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. एखादे लेकरू मग उठतच नसे. अफू श्वास मंद करते, आणि या गोळ्यांतही तोच दोष आहे.

अमेरिकेत १९९० नंतर डॉक्टर अशा गोळ्या सढळ हाताने देऊ लागले. पुढे चोरटा मालही बाजारात आला. २०२१ या एका वर्षात तेथे या जातीच्या औषधांच्या अतिसेवनाने ८०,००० हून अधिक माणसे दगावली. ऑपरेशन झालेल्या ३६,००० हून अधिक लोकांची तेथील पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. आधी ही गोळी न घेणाऱ्या या लोकांपैकी सुमारे ६ टक्के जण तीन महिन्यांनंतरही ती घेत होते. ऑपरेशन लहान असो की मोठे, प्रमाण जवळजवळ सारखेच.

आपल्याकडची गोष्ट दुहेरी आहे. कॅन्सरच्या रोग्याला मॉर्फिन मिळणे कठीण झाले होते, म्हणून १९८५ चा अमली पदार्थ कायदा २०१४ साली सुधारावा लागला. अशा रोग्याला औषध मिळालेच पाहिजे, तिथे भीती नको. दुसरीकडे ट्रॅमाडॉलचा गैरवापर वाढला, म्हणून एप्रिल २०१८ मध्ये तेही या कायद्याखाली आणले गेले. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही.

पण चिठ्ठी लिहून घेणारे आपणच असतो. “डॉक्टरसाहेब, दुखलं नाही पायजे, भारीतली गोळी द्या,” असे म्हणतो. उसाला युरिया हप्त्याने आणि मापाने देतो, मग शरीराच्या बाबतीत अशी घाई का? टाके थोडे दुखणारच. उठता-बसता यावे, खोकता यावे, झोप लागावी, एवढा आराम पुरे.

म्हणून एवढे करावे :

१. सुट्टी होताना विचारावे : यातली अफूच्या जातीची गोळी कोणती? किती दिवस घ्यायची? साध्या गोळीवर भागेल का? पुष्कळदा भागते.

२. साधी गोळी डॉक्टर सांगतील तशी वेळेवर घ्यावी. ट्रॅमाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, तेव्हा दुप्पट होऊ देऊ नये. अल्सर किंवा किडनीचा त्रास असल्यास आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये.

३. भारी गोळीवर दारू किंवा झोपेची गोळी घेणे जिवावर बेतू शकते. गुंगी येते, म्हणून ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी बंद. संडासला घट्ट होते, आणि हर्नियाच्या टाक्यांना कुंथणे चांगले नव्हे. फिट येत असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

४. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम तोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करीत जावी.

५. उरलेली पट्टी फडताळात ठेवू नये, शेजाऱ्याच्या कंबरदुखीला तर मुळीच देऊ नये. गोळ्या मातीत किंवा चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीत बांधून कचऱ्यात टाकाव्यात.

फवारणीचे उरलेले औषध आपण पोराबाळांच्या हाती लागू देत नाही. या गोळीलाही तोच नियम लावावा.