यंत्राच्या हाती चाक, माणसाच्या हाती जबाबदारी

रस्त्यावरील अपघाताचा पंचनामा पूर्ण झाला, की कारणाच्या रकान्यात बहुधा एकच मजकूर लिहिला जातो : चालकाची हयगय. चौकशी तेथेच संपते. त्या चालकाचे लक्ष नेमके कोणत्या क्षणी व कशामुळे ढळले, तो किती तास चाकावर होता, त्याला धोका दिसेल अशी रस्त्याची रचना होती काय, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. भारतात २०२२ या एका वर्षात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात नोंदले गेले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. एवढ्या मोठ्या प्राणहानीचे कारण एका शब्दात सांगून भागणार नाही.

या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणारी एक ज्ञानशाखा दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून विकसित झाली आहे. तिला ‘मानवी घटकांचा अभ्यास’ असे म्हणता येईल. माणसाची दृष्टी, अवधान, स्मरण आणि थकवा यांना मर्यादा आहेत हे गृहीत धरून यंत्रे, रस्ते व कामाचे नियम कसे आखावेत, हा तिचा विषय होय. आज मोटारीतील अनेक कामे यंत्रे करू लागली असताना या अभ्यासाचे महत्त्व कमी होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ते वाढले आहे.

चौऱ्याण्णव टक्क्यांचा अर्थ

स्वयंचलित वाहनांच्या बाजूने एक आकडा नेहमी पुढे केला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात, पाहणी केलेल्या अपघातांपैकी सुमारे ९४ टक्के अपघातांत घटनाक्रमातील अखेरचा निर्णायक दुवा चालकाकडे होता, असे नमूद केले होते. यावरून चालकाला दूर केले की ९४ टक्के अपघात टळतील, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. परंतु त्याच टिपणात, हा अखेरचा दुवा म्हणजे अपघाताचे कारण असे समजू नये, असा खुलासाही केलेला होता. अंधारे वळण, पुसट झालेले पट्टे, निकामी ब्रेक आणि रात्रभराचे जागरण ही साखळी अखेरीस चालकाच्या हातून तुटते, म्हणून तिच्या आधीच्या सर्व कड्या निर्दोष ठरत नाहीत.

घड्याळापुढील दोन तास

पहारा देणे हे वरकरणी सोपे काम वाटते. हातपाय हलवावे लागत नाहीत; केवळ पाहत राहावयाचे असते. हे काम किती कठीण आहे, ते ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी प्रयोगाने दाखवून दिले. विमानातून शत्रूच्या पाणबुड्यांचा शोध घेणारे रडारचालक काही वेळाने पडद्यावरील खुणा टिपण्यास चुकतात, असे आढळले होते. त्यांची पाळी किती वेळाची असावी, हा प्रश्न होता.

मॅकवर्थ यांनी एक आकडे नसलेले घड्याळ तयार केले. त्याचा काटा दर सेकंदाला एक टप्पा पुढे सरके; क्वचित केव्हातरी तो एकदम दोन टप्पे उडी घेई. ही उडी दिसताच कळ दाबावयाची, एवढेच काम होते. प्रयोगाला बसलेल्या व्यक्तींची दृष्टी उत्तम होती, काम करण्याची इच्छाही होती. तरीही पहिल्या अर्ध्या तासानंतर त्यांच्या नजरेतून सुटणाऱ्या उड्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. मात्र अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी बांधून दिली, तेव्हा ही घसरण टळली. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा बोध असा, की दीर्घकाळ काहीच न घडणाऱ्या गोष्टीवर लक्ष खिळवून ठेवणे हे मनुष्यस्वभावाला पेलणारे काम नव्हे. आळस किंवा बेपर्वाई यांच्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

स्वयंचलनातील विसंगती

१९८३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी याच सूत्राचा पुढचा भाग मांडला. त्यांचा निबंध प्रामुख्याने कारखान्यांतील यंत्रनियंत्रणाविषयी होता. तथापि तो आज मोटारींनाही तितकाच लागू पडतो. यंत्राची आखणी करणारा अभियंता माणसाला चुका करणारा समजून त्याच्याकडील सोपी कामे यंत्राकडे सोपवितो. जी कामे यंत्राला कशी शिकवावीत हे त्याला उमगत नाही, ती अवघड कामे मात्र त्याच माणसाकडे राहतात. शिवाय यंत्र नीट चालते की नाही यावर देखरेख ठेवण्याचे नवे काम त्याच्यावर येते. आणि हे काम म्हणजे मॅकवर्थ यांचे घड्याळच होय. आणखी एक अडचण अशी, की रोजचा सराव सुटल्याने त्याचे कौशल्य गंजत जाते. म्हणजे संकटाच्या क्षणी यंत्र हात वर करते, तेव्हा ज्याच्याकडे सूत्रे येतात तो माणूस गाफील असतो आणि त्याचा हातही बसलेला नसतो.

मोटार अभियंत्यांच्या एस. ए. ई. या संस्थेने २०१४ मध्ये स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या ठरवून दिल्या. शून्याच्या पायरीवर सर्व काम चालक करतो, पाचव्या पायरीवर चालकाची गरजच उरत नाही. धोका मधल्या पायऱ्यांवर आहे. दुसऱ्या पायरीवर वेग आणि दिशा दोन्ही यंत्र सांभाळते, पण सतत नजर ठेवण्याची जबाबदारी चालकाची असते. तिसऱ्या पायरीवर यंत्र स्वतः नजर ठेवते, परंतु सांगेल तेव्हा चालकाने ताबा घ्यावयाचा असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. चालकाला भानावर येऊन परिस्थिती समजून घेण्यास तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात ती ८० मीटरहून अधिक पुढे गेलेली असते.

टेम्पी येथील दुर्घटना

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेम्पी या शहरी १८ मार्च २०१८ रोजी रात्री दहाच्या सुमारास घडलेला अपघात या दृष्टीने अभ्यासनीय आहे. उबर कंपनीची एक चाचणी मोटार यंत्राच्या ताब्यात चालली होती. देखरेखीसाठी चालकाच्या जागी एक महिला कर्मचारी बसलेली होती. सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका पादचारी स्त्रीला या मोटारीने धडक दिली व तीत तिचा मृत्यू झाला.

तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेल्या चौकशीचे निष्कर्ष नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झाले. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच, म्हणजे सुमारे शंभर मीटर अंतरावर, यंत्राला त्या स्त्रीची चाहूल लागली होती. परंतु समोरची वस्तू म्हणजे वाहन, सायकल की अन्य काही, याविषयी यंत्राचा निर्णय वारंवार बदलत गेला. पादचारी ठरवून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र रस्ता ओलांडतील, ही शक्यता यंत्राच्या आखणीत धरलीच नव्हती. मोटारीच्या मूळ कारखानदाराने बसविलेली आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चाचणीच्या वेळी बंद ठेवण्यात येत असे. मोटार १९ मिनिटे यंत्राच्या ताब्यात बिनतक्रार चालली होती. कर्मचारी महिला आपल्या मोबाईलकडे पाहत होती. तिने मान वर केली, तेव्हा सुमारे एक सेकंद उरला होता.

पूर्वी अशा मोटारीत दोन कर्मचारी असत. अपघाताच्या काही महिने आधी कंपनीने ही संख्या एकावर आणली होती. मंडळाने कर्मचाऱ्याचे लक्ष विचलित होणे हे अपघाताचे संभाव्य कारण ठरविले. त्याबरोबरच धोक्याचा अपुरा अंदाज, कर्मचाऱ्यांवरील ढिली देखरेख, यंत्रावर विसंबून राहण्याची प्रवृत्ती रोखण्याच्या उपायांचा अभाव या कंपनीच्या त्रुटींची, राज्याच्या अपुऱ्या नियंत्रणाची आणि पादचारी स्त्रीने अन्यत्र रस्ता ओलांडल्याचीही नोंद केली.

कायद्याची वाट निराळी होती. कंपनीवर फौजदारी जबाबदारी ठेवण्यास आधार नाही, असे सरकारी वकिलांनी मार्च २०१९ मध्ये कळविले. कर्मचारी महिलेने जुलै २०२३ मध्ये जीवित धोक्यात आणल्याचा गुन्हा कबूल केला व तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तिची चूक लहान नव्हती, आणि ती कोणी नाकारीत नाही. परंतु एकट्या माणसाला रात्रीच्या वेळी, काहीच न करता केवळ पाहत राहण्यास बसविले, तर लक्ष ढळण्याचा संभव किती, हे शास्त्राला १९४८ पासून ठाऊक होते. या ज्ञानाचा उपयोग चाचणीच्या आखणीत झाला असता, तर एक प्राण वाचण्याचा संभव होता.

रेल्वेच्या इंजिनातील रीत

अशा परिस्थितीवर उपाय नाहीत असे नाही. भारतीय रेल्वेच्या इंजिनात मुख्य चालक व साहाय्यक चालक पुढील सिग्नलचा रंग मोठ्याने उच्चारून एकमेकांना ऐकवितात. पाहणे, बोलणे आणि ऐकणे या तिन्ही क्रिया जोडल्या गेल्याने लक्ष जागे राहते. अनेक इंजिनांत दक्षता तपासणारे उपकरणही असते. चालकाने ठराविक अवधीत कोणतीच हालचाल केली नाही, तर ते इशारा देते. इशाऱ्याला प्रतिसाद मिळाला नाही, तर गाडीला ब्रेक लागतात. या रीतीमागील तत्त्व सरळ आहे. माणसाने जागरूक राहावे अशी अपेक्षा असेल, तर त्याच्या हाताला व तोंडाला काही काम दिले पाहिजे.

महाराष्ट्रातील महामार्गांसंदर्भात

महाराष्ट्रात ७०१ किलोमीटर लांबीचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून संपूर्णपणे वाहतुकीस खुला झाला आहे. चौक नाहीत, सिग्नल नाहीत, समोरून येणारी वाहने नाहीत, अशा मार्गावर चालकाला करण्याजोगे काम फार थोडे उरते. वेग कायम ठेवणारी व मार्गिका सांभाळणारी साधने असलेल्या मोटारींत ते आणखी कमी होते. अशा वेळी यंत्र चालले आहे म्हणून निर्धास्त होणे हाच मोठा धोका ठरतो. ठराविक अंतराने थांबणे, चालक बदलणे, विश्रांतिस्थळांचा वापर करणे आणि कडेच्या खडबडीत पट्ट्यांचा आवाज होताच वाहन सुरक्षित जागी नेऊन थांबविणे, हे साधे उपाय मॅकवर्थ यांच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचेच रूप होत.

विश्रांतीचे तत्त्व कायद्यालाही अपरिचित नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घालून दिली होती आणि पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद केली होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल करताना सुरक्षेची मानके न पाळणाऱ्या जबाबदार संस्थेला व कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. अपघाताच्या कारणांत रस्त्याची गणना करण्याच्या दिशेने टाकलेले हे महत्त्वाचे पाऊल होय.

या विषयात ग्रामपंचायतींचे व शिक्षकांचे कार्य दुय्यम नाही. गावाजवळून महामार्ग जात असेल, तर लोक प्रत्यक्षात कोठून रस्ता ओलांडतात, शाळा सुटल्यावर मुले कोणत्या बाजूने येतात, रात्री कोणत्या जागी अंधार असतो, याची माहिती गावाइतकी कोणाला नसते. आखणीत गृहीत धरलेली जागा आणि पावलांनी पाडलेली वाट यांत अंतर पडले, की काय घडते ते टेम्पीने दाखविले आहे. ही माहिती नकाशावर मांडून ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठविता येईल. एकाच जागी दुसरा अपघात झाला, तर चालकाच्या चौकशीबरोबर त्या जागेचीही पाहणी व्हावी, असा आग्रह धरता येईल.

चूक करणाऱ्याला शासन झाले पाहिजे, याविषयी दुमत नाही. तथापि शिक्षा झाल्यानंतर त्याच वळणावर दुसरा चालक येणार असतो आणि त्याचे डोळे, त्याची झोप व त्याचे अवधान पहिल्यासारखेच असते. म्हणून अहवालात ‘चालकाची हयगय’ असे लिहिल्यावर त्याखाली आणखी एक ओळ लिहिली जावी : ही हयगय कशामुळे घडली आणि ती पुन्हा घडू नये म्हणून रस्त्यात, वाहनात व कामाच्या वेळेत कोणता बदल केला.