विज्ञानकथेतला निराळा माणूस

विज्ञानकथा म्हटली की अंतराळयाने, यंत्रे आणि परग्रहावरचे जीव डोळ्यांसमोर येतात. मीही ती करमणूक म्हणूनच वाचीत असे. परंतु दोन जुन्या इंग्रजी कथा वाचल्यावर वाटू लागले की, तिथला विचित्र जीव हे केवळ निमित्त. परीक्षा होते ती समाजाची.

पहिली कथा म्हणजे मेरी शेलीची कादंबरी ‘फ्रँकेनस्टाइन’. १८१६ साली ती लिहावयास घेतली तेव्हा लेखिका अवघी अठरा वर्षांची होती. १८१८ साली पुस्तक निघाले, तेही तिच्या नावाशिवाय. फ्रँकेनस्टाइन हे नाव राक्षसाचे नव्हे, त्याला घडवणाऱ्या तरुणाचे. घडवलेल्याला नावच नाही. निर्मात्यानेच त्याला टाकले. तो एका घरालगतच्या खोपटात लपतो, भिंतीच्या फटीतून घरातले बोलणे ऐकून भाषा शिकतो आणि त्या माणसांसाठी रात्री गुपचूप सरपण आणून ठेवतो. एके दिवशी घरातला आंधळा म्हातारा एकटा असताना तो आत जातो. म्हातारा त्याचे बोलणे आपुलकीने ऐकतो. इतक्यात डोळस मुले परततात आणि मुलगा त्याला काठीने झोडपतो. पुढे तो खून करतो. लेखिका खुनाचे समर्थन करीत नाही; पण त्याला क्रूर कोणी केले, हा प्रश्न आपल्यापुढे ठेवते.

यावरून आंधळे तेवढे भले असे कोणी समजेल, तर त्याने एच. जी. वेल्स यांची ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’ (१९०४) ही कथा वाचावी. अँडीज पर्वतातल्या एका दरीत पिढ्यान्‌पिढ्या सारेच आंधळे. नूनेझ नावाचा डोळस माणूस कड्यावरून कोसळून तिथे पोचतो. आपण इथले राजे होऊ, असे त्याला वाटते. दरीतले लोक मात्र त्यालाच खुळा ठरवतात. शेवटी तिथला वैद्य निदान करतो की, रोग याच्या डोळ्यांत आहे. ते काढले की हा बरा होईल!

म्हणजे दोष अंधत्वात नाही, दृष्टीतही नाही. म्हाताऱ्याने आधी ऐकून घेतले. दरीतल्या लोकांनी आधी ठरवून टाकले. आणि नूनेझनेही त्यांना आधीच कमी लेखले होते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी वर्गात उत्तर देताना तोंडून ‘व्हय’ गेले आणि मागचे बाक हसले. पुढे कित्येक महिने मी इतरांचे बोलणे ऐकून मनातल्या मनात शब्द घोटीत राहिलो. म्हणून फटीला कान लावून बसलेला तो जीव मला परका वाटला नाही.

पण खरे सांगायचे तर, गावच्या शाळेत आमच्या वर्गात एक तोतरा मुलगा होता आणि त्याला हसणाऱ्यांत मी पुढे असे. त्याचे एकही वाक्य मी पुरे होऊ दिले नाही. या सुट्टीत गावी गेलो की प्रथम त्याच्याकडे जाणार आहे.