दुसऱ्याच्या रायफलीवर पडलेले दहा

१ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं आणि कोल्हापूरकडच्या रेंजवर मुलांची रीघ लागली. २०१०मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हाही असंच वारं आलं होतं. या वेळी मुलांबरोबर नव्या रायफलीही आल्या. दहा मीटरची परदेशी एअर रायफल काही लाखांना पडते. कुणी ठेव मोडतं, कुणी सोसायटीचं कर्ज काढतं. म्हणून कळकळीनं सांगते, सराव संपल्यावर एकमेकांच्या रायफली हातात घेऊन ‘तुझी चांगली की माझी’ असं जे ठरतं, त्याच्या भरवशावर एक रुपयाचाही व्यवहार करू नका.

त्या हंगामात आम्ही तिघांनी रायफली घेतल्या होत्या. मी, कॉलेजात जाणारा एक मुलगा आणि नववीतली एक मुलगी. साठ शॉट्सचा सराव आटोपला आणि रायफली हातोहात फिरू लागल्या. ती मुलगी दिवसभर स्वतःच्या रायफलीवर नवाच्या आसपास घुटमळत होती. माझी रायफल खांद्याला लावली आणि तिचे लागोपाठ दहा पडायला लागले. मागे बसलेले तिचे वडील उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, “ताई, आम्ही फसलो की हो!”

थोडं थांबा, असं मी म्हटलं, पण त्यांचं मन ठरलं होतं. रायफल तोटा सोसून विकली, माझ्यासारखीच दुसरी मागवली. ती आली आणि मुलगी पुन्हा नवावर. शेवटी आमच्या प्रशिक्षक सरांनी तिला लाइनवर उभं केलं, गाल टेकायचा चीक पीस बराच वर घेतला, खांद्याला टेकणारी बट प्लेट सरकवली. पोरीची मान लांब. गाल टेकायला ती दर वेळी डोकं वाकवायची, आणि दर वेळी वेगळं वाकवायची. त्यामुळे डोळा पीप साइटच्या मध्यावर कधीच येत नव्हता. माझा चीक पीस योगायोगानं तिच्या उंचीला जुळला होता, एवढंच. जी रायफल विकली तिच्यावरही हेच दोन स्क्रू फिरवता आले असते.

आता हिशेब बघा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, दहाचं वर्तुळ अवघं ०.५ मिलिमीटरचं. दशांश गुणांत एका दशांशाचा फरक म्हणजे पाव मिलिमीटर. चांगल्या मॅच रायफलीची नळी शिकंज्यात बांधून, मानवणाऱ्या छऱ्यांनी चालवली, तर छरे जवळजवळ एकाच भोकातून जातात. आपला खांदा, श्वास, दमलेली कंबर यांचा हेलकावा त्याच्या कितीतरी पट मोठा. संध्याकाळी उभ्यानं मारलेल्या दहा-वीस शॉट्सवरून दोन नळ्यांची तुलना होऊच शकत नाही. तुलना होते ती दोन स्टॉकची, आणि तीही दमलेल्या अंगावर.

नळीच पारखायची असेल तर शिकंजा लागतो. त्यात दोन्ही रायफली आळीपाळीनं बांधा आणि आधी एकाच डब्यातले छरे वापरा. मग डबे बदला. छऱ्याच्या डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं डब्यावर छापलेलं असतं आणि एका नळीला आवडलेलं माप दुसरीला आवडेलच असं नाही. त्या संध्याकाळी मुलीनं माझे छरेही वापरले होते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. डबा बदलायला काहीशे रुपये पुरतात. रायफल बदलण्याआधी तेवढं तरी करा.

स्टॉकची परीक्षा मात्र सकाळी, ताज्या अंगानं, स्वतःचं जॅकेट घालून. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल सहज टेकवा, मग डोळे उघडा. पुढची साइट पीपच्या मध्यात दिसली नाही, तर मान ताणू नका, चीक पीस हलवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासा, कारण वाढत्या मुलांचं अंग बदलत असतं. पालकांना मी हे सगळ्यात आधी सांगते: पहिले काही महिने कंपनीच्या नावापेक्षा हे स्क्रू गुण जास्त हलवतात.

रायफली हातोहात फिरतात त्यात एक धोकाही आहे. मॅच रायफलीचा ट्रिगर अतिशय हलका असतो. कडक ट्रिगरची सवय असलेल्याचं बोट नुसतं टेकलं तरी शॉट सुटतो. म्हणून देताना बोल्ट उघडा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग घातलेला हवा. घेणाऱ्यानं फायरिंग लाइनवरच, तोंड टार्गेटकडे ठेवून, आधी ड्राय फायर करून ट्रिगर समजून घ्यावा. हे नियम छोट्या रेंजवर सैल पडलेले दिसले की माझा जीव खालीवर होतो.

विकत घेण्याआधी, विशेषतः वापरलेली रायफल असेल तर, तिच्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. त्यात साधारण २०० बार दाबाची हवा भरतात आणि मॅच रायफलींच्या कंपन्या बहुधा दहा वर्षांची मुदत देतात. स्पर्धेत ती मुदत पाळण्याची जबाबदारी खेळाडूवरच असते. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत आधीच भावातून वजा करा, आणि संपलीच असेल तर विकणाऱ्यानं कितीही खात्री दिली तरी त्यात हवा भरू नका.